तोफेचा कान

शहाऐंशीच्या दसऱ्याची गोष्ट. सरलाकाकूंनी फोन करून झेंडू आणायला सांगितला होता. डेव्हन ॲव्हेन्यूवरची सगळी भारतीय दुकानं पालथी घातली तरी झेंडू काही मिळाला नाही, म्हणून पिवळी शेवंती घेऊन मी त्यांच्याकडे पोचले. दारातच काकूंनी माझा हात धरला.

"विनीता, आता तूच सांग यांना. घराला गिऱ्हाईक आलंय. दीपा तिकडे सांता क्लाराला आमची खोली तयार करून बसलीय. आणि हे म्हणतात, अमितला इथे एकट्याला कसं सोडू?"

अमित त्यांचा मुलगा, दीपाचा भाऊ, माझा मित्र. जानेवारीत बर्फावरून त्याची गाडी घसरली आणि तो गेला.

आमच्या मंडळातली बाकीची मुलं डॉक्टर झाली आणि हा पठ्ठ्या नेपोलियनच्या फौजेत भरती झाला, असं आम्ही त्याला चिडवायचो. उन्हाळ्यात तो आणि त्याचे अमेरिकन मित्र निळे डगले घालून जुन्या लढायांचे खेळ करायचे. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्याने फ्रेंच नमुन्याची लहानशी पितळी तोफ ओतली होती. हेमचंद्रकाका हौसेने दर दसऱ्याला तिची शस्त्रपूजा करायचे.

मी बेसमेंटमध्ये उतरले. काका तोफेपुढे बसले होते. शेजारी निरांजन तेवत होतं. ओल्या दगडाचा वास होता, आणि त्यात भाजलेल्या चामड्यासारखं काहीतरी.

"ये विनू. नेपोलियन स्वतः गोलंदाज, माहितीये ना? शंभर-शंभर तोफा एका जागी आणायचा, शत्रूची फळी फोडायचा, मगच पायदळ सोडायचा. अमित सांगायचा, मोठ्या तोफांना शिपाई बादशहाच्या लेकी म्हणायचे." काका क्षीण हसले. "पण एवढी बादशाही उभी कशावर? एका पोराच्या अंगठ्यावर."

त्यांनी तोफेच्या मागचं बत्ती द्यायचं भोक दाखवलं. तोफेचा कान. बार उडाला की नळीत ठिणगी राहते. ती विझवायला दांड्याने ओला बोळा आत दाबतात. त्या वेळी कानातून वारा खेळला तर ठिणगी फुलते, आणि पुढचा बार भरणाऱ्याचे हात जातात. म्हणून एकाने अंगठ्यावर चामड्याची टोपी चढवून कान दाबून धरायचा. कितीही भाजलं तरी. ते काम अमितचं होतं. अंगठ्याचा फोड दाखवत तो म्हणायचा, "डॅड, यू डोंट लेट गो टिल दे टेल यू."

"कान उघडा असला की बोळ्याने आतली हवा तिथून बाहेर येते," काका म्हणाले. "बघ हं."

निरांजन कानाजवळ सरकवून त्यांनी बोळा लावलेला दांडा तोफेच्या तोंडातून आत ढकलला. ज्योत हलली नाही. दांडा ओढला, तर बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. कान उघडाच होता.

"काका... हे काय?"

"दांडा घातला की तो येतो. माझे हात सांभाळायला."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी मी बोट पुढे नेलं आणि झटकन मागे घेतलं. त्या गार तळघरात पितळेचा तेवढाच भाग गरम होता. भीती वाटली, पण त्याहून जास्त रडू आलं.

"काका, असा किती दिवस उभा राहील तो? त्याला सोडा म्हणून सांगा ना..."

"तो सुटला की मला काय उरलं, विनू?"

जिन्यावर काकू उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला. काकांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग दांडा पुन्हा आत घातला.

"अमित... झालं रे बाळा. सोड अंगठा."

फस्सकन वारा आला. ज्योत आडवी झाली आणि विझली. अंधारात काका लहान मुलासारखे रडले.

दिवाळीआधी ती दोघं सांता क्लाराला गेली. तोफ माझ्या अपार्टमेंटमध्ये आली.

पुढच्या दसऱ्याला मी तोफ धूत असताना काकांचा फोन आला.

"विनू, दांडा घालून बघितलास?"

"तेच करतेय, काका."

"ज्योत... हलते ना गं?"

फोन खांद्याशी धरून मी पूजेचं निरांजन तोफेच्या कानाजवळ सरकवलं आणि दांडा आत ढकलला. खोलीत भाजलेल्या चामड्याचा वास पसरला. निरांजनाची ज्योत सरळ उभी होती.

"हलते काका. विझलीसुद्धा."

"सुटलं पोरगं," काका म्हणाले. त्यांचा आवाज किती हलका झाला होता!

फोन ठेवला आणि मी हळूच म्हटलं, "अमित, सोड आता..."

ज्योत तशीच उभी राहिली; आता तो माझे हात सांभाळत होता. माझा हुकूम तो कशाला ऐकेल?