बुरीच्या काठचं पाणी

निळी नाईल पुरात होती आणि बाबिकिरचा झब्बा तिसऱ्यांदा धुऊनही लालसरच होता.

"बुरीच्या काठावर पाय घसरला," तो कुरकुरला. "हिला निळी म्हणणाऱ्याचे डोळे तपासायला हवेत."

सित्तना हसली. खार्तूममध्ये पोलिसांनी हात टेकले की लोक तिच्याकडे यायचे. आतेभाऊ बाबिकिर तिचा सोबती. खाण्यात चपळ, बाकी सगळ्यात सावकाश.

तेवढ्यात दारात एक नवरदेव येऊन उभा राहिला. हातांवर मेंदी, तोंड उतरलेलं.

"ताई, मी शिगेदी. आज संध्याकाळी माझा निकाह. अलवियाच्या दिवंगत आईची सोन्याची माळ सकाळी पेटीतून गेली. घरात बाहेरचा मी एकटाच, अत्तरं द्यायला गेलो होतो. सासरे म्हणतात, माळ आण, नाहीतर लग्न मोडलं."

"घेतलीस का?"

"मला अलविया हवीय, ताई. माळ घेऊन काय करू?"

पूल ओलांडून तिघं ओम्दुरमानला आले. घराच्या मागच्या दाराशीच पांढरी नाईल वाहत होती, लाल गाळ नसलेली. अलवियाचे वडील, हाज बिरेमा, अंगणात घुम्यासारखे बसले होते.

"घर पालथं घातलं, नातलगांच्या पिशव्याही सोडल्या नाहीत," ते म्हणाले. "आता कुठं शोधायचं?"

त्यांचा भाऊ कर्रार सावलीत एक माठ सारत होता. "पहाटेच बुरीला गेलो. नवरीला न्हायला निळ्या नाईलचंच पाणी लागतं ना. दुपारी परत येतो तर इथं हा गोंधळ. घरात माझा मुलगा असताना परक्याला पोर दिली की असंच व्हायचं."

माठ हिंदकळला. सित्तनाने अंगाभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या तोबच्या पदरावर पाणी सांडलं.

"जपून," कर्रार खेकसला. "नवरीच्या आधी त्याला कुणी हात लावायचा नाही."

सित्तना पदर वाळवत बसली. बाबिकिरने तोवर दोन बशा खजूर संपवले. मग तिने सगळ्यांना बोलावलं. अलवियाही आली, रडून डोळे सुजलेले.

"बाबिकिर, तुझा झब्बा दाखव. बुरीचं पाणी, तीन धुण्यांनंतर. आता हा माझा पदर बघा. कर्रारकाकांच्या माठातलं पाणी."

पदर पांढराशुभ्र होता.

"काका बुरीला गेलेच नाहीत. हे पाणी मागच्या दारचं. म्हणजे सकाळी ते इथंच होते, आणि तरीही खोटं बोलले."

"गाळ खाली बसला असेल," कर्रार म्हणाला.

"मग तळाशी सापडेल. घरात न तपासलेली जागा एकच, आणि तिला हात लावू नका असं तुम्हीच बजावलंत. अलविया, आता नवरीनेच हात घालावा."

अलवियाने कोपरापर्यंत हात बुडवला. तळाला गाळाचा कणही नव्हता. हात बाहेर आला तो आईची माळ घेऊन.

"मला सोनं नको होतं," कर्रार पुटपुटला. "माझ्या मुलासाठी..."

"काय ते कळलं," हाज बिरेमा म्हणाले. ते उठले, शिगेदीसमोर गेले आणि त्याचे मेंदीचे हात स्वतःच्या डोळ्यांना लावले. "पोरा, चुकलो मी."

बायकांनी आनंदाची ललकारी दिली. अलवियाने माळ गळ्यात घातली, माठ उपडा केला आणि काकाच्या हातात ठेवला.

"संध्याकाळला वेळ आहे, काका. आता खरंच बुरीला जाऊन या."

"आणि काठावर जपून," बाबिकिर म्हणाला. "डाग जात नाही."