घाटात भेटलेला कोरेगावकर

पाऊस आडवा येत होता. साताऱ्याच्या मैदानावर अर्धमॅरेथॉनसाठी जमलेली माणसं कुडकुडत उभी होती आणि संयोगिता आपल्या सांगलीच्या क्लबातले चेहरे शोधत होती. एवढ्या पावसात सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे दिसत होते.

"ओ मॅडम... थांबा जरा."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा तरुण. अंगात कचऱ्याची काळी प्लॅस्टिकची पिशवी, गळ्याशी आणि हातांशी भोकं पाडून सदऱ्यासारखी घातलेली.

"असं भिजत उभं राहिलात तर पळायच्या आधीच गारठाल. ही घाला." त्यानं तसलीच दुसरी पिशवी काढली, दातांनी तिला गळ्यापुरतं भोक पाडलं आणि पुढं धरली. "साइज एकच हाय. मापाची तक्रार चालणार न्हाई."

तिला हसू आलं. तिनं पिशवी डोक्यातून घातली, तेव्हा त्याचं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं.

"लग्न ठरलंय जणू... न्हाई, हाताला हळद दिसतीय म्हणून विचारलं."

"ती रोजच लागते. सांगलीत हळदीच्या कारखान्यात आहे मी, तपासणीला."

"म्हणजे... न्हाई ठरलं."

"शर्यत सुरू होतेय," संयोगिता म्हणाली आणि दुसरीकडं पाहू लागली. पण गाल गरम झालेले तिला त्या गारठ्यातही कळले.

त्याचं नाव वीरधवल. कोरेगावचा. घरी ऊस आणि आल्याची शेती, आणि पहाटे गावच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना पळायला शिकवायचा. मुलींनी त्याला बजावून पाठवलं होतं, सर, यंदा दोन तासांच्या आत आलात तरच आम्हाला तोंड दाखवा.

"मग इथं काय करताय? पुढं जाऊन उभे राहा की," ती म्हणाली.

"जातो... जातोच हाय," तो म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

तेवढ्यात गर्दीतून माया काकी आल्या आणि त्यांनी संयोगिताचा हात घट्ट धरला. मागं क्लबाचा कप्तान गुंडा होता, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवणारा. त्यानं वीरधवलला आपादमस्तक न्याहाळलं.

माया काकी शेजारच्याच गल्लीतल्या. संयोगिताचे वडील अचानक गेले त्या वर्षी ती कामावरून आली की भिंतीकडं तोंड करून पडायची. आई बोलून थकली होती. तेव्हा काकी रोज पहाटे दाराशी येऊन उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत, उपदेश करायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "बूट घाल. घाटापर्यंत जाऊन येऊ." कृष्णेच्या घाटापर्यंत चालता चालता कधीतरी ती पळायला लागली, आणि पळता पळता कधीतरी हसायलासुद्धा. आज दोघींनी बरोबरच पळायचं ठरवलं होतं.

यवतेश्वरच्या घाटाला लागल्यावर वीरधवल थोडा वेळ त्यांच्यासोबत पळाला. मग वेग वाढवताना मागं बघत म्हणाला, "मी वरून वळून ह्याच रस्त्यानं खाली येताना दिसंनच. हात करा."

"धुक्यात मी कशी दिसणार?"

"पिशवी घातलेली बाई शोधीन की."

"इथं निम्म्या लोकांनी घातल्यात."

"ती... हसणारी शोधीन," तो म्हणाला आणि धुक्यात शिरला.

घाट संपून माथ्यावर आल्यावर वारा अंगावर आदळू लागला. पाऊस सुयांसारखा टोचत होता. काकी आधी गप्प झाल्या, मग अडखळू लागल्या. संयोगितानं त्यांचा हात धरला तर तो दगडासारखा गार. ओठ निळे पडले होते. "काकी, बोला माझ्याशी," ती म्हणाली. काकी काहीतरी पुटपुटल्या आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या.

गुंडा पुढं निघून गेला होता. एका स्वयंसेवकानं फोन लावला, पण पावसात डॉक्टरांची जीप यायला वेळ लागणार होता. संयोगितानं आपली पिशवी काढून काकींभोवती गुंडाळली. आणखी एक माणूस असाच तिच्या हातांतून निघून जाणार का... एवढंच डोक्यात येत होतं.

समोरून उतरणाऱ्यांच्या लोंढ्यातून एक जण बाजूला झाला. वीरधवल होता. दोन तासांच्या आत पोचेल असा छान वेग त्याला सापडला होता. त्यानं घड्याळाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पाठीवर द्या," तो म्हणाला.

थोडं पुढं चहाची टपरी होती, पावसामुळं बंद. मागं घर होतं. राहीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं, काकींकडं एक नजर टाकली आणि वीरधवलला म्हणाली, "तू भाईर हो, बाबा." मग तिनं आणि संयोगितानं मिळून काकींचे ओले कपडे काढले, राहीबाईचं कोरडं लुगडं नेसवलं, घोंगडी पांघरली, चुलीजवळ बसवलं. संयोगिता त्यांना कवटाळून बसली. दाराबाहेरून वीरधवल सांगत होता, "शुद्ध हाय न्हवं? मग गुळाचं गरम पाणी द्या... एकेक घोट. बोलत ठेवा."

बऱ्याच वेळानं काकींनी विचारलं, "माझे बूट कुठायत?"

संयोगिता रडायलाच लागली.

जीपमधून आलेल्या डॉक्टरांनी तपासलं आणि वेळेवर ऊब मिळाली म्हणाले. संयोगिता जीपमध्ये चढायला गेली, तर काकींनी तिला हातानंच अडवलं. "तू पळ. दोन वर्षं मी काय उगीच तुझ्या दाराशी उभी राहत होते?"

दारात उभ्या असलेल्या राहीबाईच्या पाया पडून ती वळली. वीरधवल पागोळ्यांखाली उभा होता, अंगावरचा घाम केव्हाच गार झालेला.

"तुम्ही जा खाली," ती म्हणाली. "मला अजून वर, शर्यत परत वळते तिथपर्यंत जायचंय."

"चला."

"तुमचं वळण झालंय की."

"मघाशी धुक्यात काय दिसलंच न्हाई. परत एकदा बघतो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. आभार मानायचे होते, पण आठवल्या त्या कोरेगावच्या मुली. "तुमच्या मुली..." ती एवढंच म्हणाली.

"त्यांना सांगीन काय ते. त्या पोलीस व्हायला निघाल्यात. त्यांना कळंल."

ते दोघं वर गेले, वळले, खाली उतरले. कधी पळाले, कधी नुसतेच चालले. घाटाच्या मध्यावर धुकं फाटलं आणि खाली धुतलेलं सातारा शहर दिसलं, समोर अजिंक्यतारा किल्ला. ती वडिलांबद्दल बोलली. बाहेरच्या कुणाशी ती पहिल्यांदाच बोलत होती. तो तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालत होता.

खाली मैदानावर वाऱ्यामुळं शर्यतीच्या शेवटाची कमान उतरवून ठेवली होती. पण सांगलीची माणसं जागची हलली नव्हती. गुंडा ताट वाजवत होता आणि घोंगडीत गुंडाळलेल्या काकी खुर्चीवर चहा पीत बसल्या होत्या.

त्यानंतर फोन झाले. आधी काकींच्या तब्येतीचे... मग काकी ठणठणीत झाल्यावरही होतच राहिले. आणि एका रविवारी सकाळी वीरधवल सांगलीच्या घाटावर हजर झाला. क्लबाबरोबर आयर्विन पुलापर्यंत पळाला. परतताना बाकीचे आपोआप पुढं गेले. गुंडानंच त्यांना पुढं काढलं होतं.

पायऱ्यांवर बसल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही थांबला नसता तर... मी नीट आभारही मानले नाहीत."

"आभार घ्यायला न्हाई आलो मी." तो नदीकडं बघत होता. "ते... तुमी राहीबाईच्या पाया पडलात न्हवं, तवाच माझं ठरलं. मला तुमी लय आवडता, संयोगिता."

नदीवरून वारा आला. ती ओली पायरी बोटानं पुसत राहिली.

"मलाही," ती म्हणाली. "पण आईला एकटी सोडून मी कुठं जाणार नाही. आणि कामही सोडणार नाही."

"बरोबर हाय."

"बरोबर आहे म्हणून भागेल का?"

"न्हाई भागणार. माझं शेत तिकडं, तुमचं काम इकडं. आज माझ्याकडं उत्तर न्हाई. पण कोरेगाव-सांगली रेल्वेची लाईन एकच हाय. बसून, बोलून काढू काहीतरी. दोघं... आईंना घेऊन तिघं."

त्यानं थाप मारली नव्हती, आणि त्याचंच तिला बरं वाटलं. काकी, राहीबाई, ताट वाजवणारा गुंडा... एवढी माणसं तिला कुठून मिळाली? तिचे डोळे भरून आले. ती उठली आणि पहिल्यांदाच तिनं त्याचा हात धरला.

"चला मग. आई घरीच आहे."

"आत्ता?" तो गडबडला. त्यानं चिखलानं माखलेल्या आपल्या पायांकडं, घामानं भिजलेल्या बनियनकडं पाहिलं. "ह्या कपड्यात?"

"ह्याच कपड्यात," संयोगिता म्हणाली, आणि हात न सोडता पायऱ्या चढू लागली.