डब्यातले लाल किडे

नाल्याकाठचं शेत (          ) हिचं राहील.

कंसाच्या जागी रुपयाएवढं भोक. भोकाच्या जागी कालपर्यंत फुलीबाईचं नाव होतं. वडिलांनी मरण्याआधी पंचांसमोर लिहवून घेतलेला एकुलता एक कागद. तो ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात पाच-सहा लाल किडे मरून पडले होते.

शहाद्याहून गुप्तहेर हुमा आली, सोबत तिचा सहायक उमाकांत. म्हसावदच्या पुढं डोंगर चढून दोघं घामाघूम झाली होती.

हुमानं एक किडा तळहातावर उलटा केला. पोटाखाली सुईसारखी सोंड दुमडलेली. मग कागद. चार घड्यांचा, पण भोक एकाच थरात. कडा तपकिरी.

"हुमाबी, किडास्नी खाई टाकं! चाला घर," उमाकांत म्हणाला.

"थांब रे."

फुलीबाईची भावजय निर्मलाबाई म्हणाली, "मी डब्याला हात नाही लावला. कणगीत किडे आहेत, पण काळे, बारीक."

तिचा नवरा करणसिंग, फुलीबाईचा धाकटा भाऊ, कानावरची बिडी चाचपत बोलला. "मी परवाच कळसाडीहून आलो, कापूस वेचून. किडे काय, सगळंच खातात."

"इथं कापूस लावता?" हुमानं विचारलं.

"इथं कुठला! मका, ज्वारी."

फुलीबाई मनात म्हणत होती, किडाच असू दे.

हुमा ओट्यावर बसली. "आपल्या बोलण्यात दिसेल तो किडा. शास्त्रात तसं नाही. हा लाल ढेकण्या, ढेकणाच्या गोतातला. याला चावायला दात नाहीत, नुसती सोंड. सरकीचा रस पितो. कागद कुरतडणं याला जमतच नाही."

"मंग वाळवी?" उमाकांत.

"वाळवी चारही थर पोखरते. हा कागद उलगडून एकाच जागी जाळलाय, बिडीच्या टोकानं. कडा बघ. आणि हे किडे कापसावरचे. इथं कापूस नाही. कळसाडीहून कोण आलं?"

करणसिंगनं बिडी कानावरून काढून मुठीत लपवली.

"किडा असता तर बरं झालं असतं," फुलीबाई म्हणाली. "आई गेली तेव्हा तू एवढासा. मांडीवर डोकं घेऊन तुझ्या उवा मी वेचल्या, करण्या."

तिनं कागद त्याच्यापुढं धरला.

"उद्या पंच बसतील. कागदावर काय होतं ते तूच सांगायचं. आधी मला सांग."

"नाल्याकाठचं शेत..." करणसिंग म्हणाला, आणि भोक होतं तिथंच येऊन थांबला.