लाकडावरचा काळा दोरा

सुट्टीचा पहिलाच दिवस होता. आपल्या मत्स्यटाक्यांच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बाबा हातभर लांबीचं लाकूड मांडीवर घेऊन बसले होते. नदीच्या पाण्यानं झिजून गुळगुळीत झालेलं, दोन फांद्यांचं, तरंगू नये म्हणून पंधरा दिवस भिजत ठेवलेलं. त्यावर ते जाड पानांची एक पाणवनस्पती बांधत होते.

"हे आल्यासारखं आडवं खोड दिसतंय ना? वाळूत पुरलं की सडतं. म्हणून लाकडावर बांधायचं. मुळांनी लाकूड धरलं, की हा काळा सुती दोरा आपला आपण कुजून जातो. थोरले, इथं जरा बोट ठेव गं, गाठ मारतो."

"थांबा ना बाबा! एवढं पान होऊ दे!"

थोरलीचं पुस्तकातलं ते पान संपलं आणि पुढचं लागलं. तीनदा हाक मारून झाल्यावर बाबांनी दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं आणि फांदीखाली कशीबशी वाकडी गाठ मारली. संध्याकाळी बाबांनी ते लाकूड गावच्या वाचनालयातल्या मत्स्यटाकीत नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांच्या छातीत कळ आली, आणि दुकानातून ते घरी आलेच नाहीत.

घर माणसांनी भरून गेलं. येईल त्याला आई सांगायची, "शेवटचं लाकूड बापलेकीनं मिळून बांधलं हो!" थोरली मान खाली घालून ऐकायची.

तीन आठवड्यांनी थोरली, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारची त्यांची मैत्रीण वकील वाचनालयात गेले. वकील कशावरही वाद घालायची, म्हणून तिचं हे नाव.

"पाणी बघा!" ती कुजबुजली.

"स्वच्छ तर आहे," धाकटा म्हणाला.

"तीच तर भानगड आहे! परवापर्यंत चहासारखं होतं. लाकडाचा रंग उतरायला महिने लागतात, असं तुझेच बाबा सांगायचे. मग दोन दिवसांत कसा उतरला?"

थोरलीनं काचेला नाक लावलं. तसंच दोन फांद्यांचं लाकूड, तशीच जाड पानं. पण दोरा? तो काचेसारखा चकाकत होता!

"ही तंगूस आहे, मासे पकडायची नायलॉनची दोरी. बाबा हिला हात लावायचे नाहीत. ही कुजत नाही, खोडात रुतत जाते."

"म्हणजे लाकूड बदललंय!" धाकटा ओरडला.

"शांतता!" ग्रंथपालबाईंनी नोंदवहीतून मान न काढता दटावलं. मग कारण कळल्यावर म्हणाल्या, "पाणी घाण दिसतंय म्हणून चौकातल्या टाकीवाल्यांना मीच बोलावलं. जुनं लाकूड सडलं होतं म्हणे. टाकलं त्यांनी."

"तुम्ही पाहिलं टाकताना?" वकीलनं विचारलं.

बाईंनी चष्मा पुसून नोंदवही पुन्हा पुढं ओढली.

"बाईसुद्धा सामील आहेत," बाहेर येताच धाकटा म्हणाला.

"पुराव्याशिवाय आरोप नाही!"

चौकात ते शिंप्याच्या पायरीवर दबा धरून बसले. टाकीवाला दारात उभा राहून इकडेतिकडे बघत होता. सरळ माणूस इतक्यांदा मागं वळून बघतो का? तो आत वळला आणि थोरलीला दर्शनी खिडकीतली टाकी दिसली. तिच्यातलं पाणी चहासारखं होतं! आत काळ्या दोऱ्यानं बांधलेलं बाबांचं लाकूड होतं, आणि काचेवर चिठ्ठी: 'विकलेले. उद्या सकाळी नेणार.'

"उद्या!" थोरली ताडकन उठली.

"धाकट्या, बाईंना घेऊन ये. पळ!" म्हणत वकील वही उघडून दुकानात शिरलीसुद्धा. थोरली तिच्या मागोमाग गेली.

"अय्या, काका, किती सुंदर! कुणी बांधलं हो?"

"कोण बांधणार? मीच! वीस वर्षांचा हात आहे हा."

"शाळेच्या प्रकल्पासाठी लिहून घेऊ? दोरा कोणता वापरता?"

"तंगूस. दुसरं काही वापरतच नाही मी!"

"या खाली सही करता? बाई विश्वास ठेवत नाहीत हो आमच्यावर."

काकांनी फुशारून झोकदार सही ठोकली. तेवढ्यात धापा टाकणाऱ्या धाकट्याच्या मागून ग्रंथपालबाई आत आल्या. त्यांनी आधी वही वाचली, मग टाकीत डोकावल्या.

"तंगूस? मग हा काळा सुती दोरा कुठून आला?"

"तो... असेल पोऱ्यानं... अहो बाई, असली छप्पन लाकडं मिळतात!"

"पोऱ्या कुठाय?" धाकट्यानं विचारलं. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.

थोरली पुढं झाली. "लाकूड बाहेर काढा. उजव्या फांदीच्या खालच्या अंगाला एक वाकडी गाठ आहे. दोऱ्याचं टोक चावून पिंजलंय."

टाकीवाल्यानं निथळतं लाकूड उलटं केलं. गाठ वाकडी होती. टोक पिंजलेलं होतं.

"सडलं नव्हतं," तो पुटपुटला. "झकास दिसलं, मोह झाला. चुकलंच माझं."

त्याच संध्याकाळी लाकूड वाचनालयाच्या टाकीत परत गेलं. आईही आली होती.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "न बघता विश्वास ठेवला. शाब्बास रे पोरांनो! पण काय गं, खालची गाठ तर टाकीत दिसतच नव्हती. तुला कशी ठाऊक?"

"ठाऊक असणारच," आई म्हणाली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली होती. "दोघांनी मिळून बांधलंय ते!"

सगळे थोरलीकडे कौतुकानं बघत होते. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. काचेपलीकडे एक बारीक पांढरं मूळ दोऱ्याखालून निघून लाकडाला चिकटलं होतं.

"नाही आई," थोरली म्हणाली. "बाबा तीनदा म्हणाले, इथं बोट ठेव. मी पुस्तक खाली ठेवलंच नाही, त्याच्याआडून नुसतं बघत राहिले. म्हणून त्यांनी दोरा दातांत धरला."