स्विच कोणी लावला?

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. मी तिथे होते आणि हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. रात्रबित्र काही नव्हती. रविवार होता. दुपारचे सव्वाचार. खिडकीत लख्ख ऊन.

माझे मामा जहाजांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ स्टेशनात नोकरीला होते. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. गच्चीवर लांबलचक तार बांधलेली, टेबलावर बॅटरीवर चालणारा जुना रिसीव्हर. कमी फ्रिक्वेन्सीवरची स्टेशनं शोधत बसायचे. ही स्टेशनं गाणी-बातम्या लावत नाहीत. मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या आवाजी लिपीत, स्वतःच्या ओळखीची दोन-तीन अक्षरं पाठवत राहतात. मध्येच लागतात, मध्येच आठवडाभर गप्प.

"तुझ्या मामीचं एवढं ऐकलं असतं तर संसार सुखाचा झाला असता," मामा म्हणायचे. मोर्स मलाही त्यांनीच शिकवलं.

त्या रविवारी त्यांनी हेडफोन लावला... आणि चेहरा पांढराफटक पडला.

"ठमे, हे आमचं स्टेशन आहे."

ते स्टेशन बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. मनोरासुद्धा कापून भंगारात गेला होता.

"हे मशीन नाही पाठवत. कोणीतरी हाताने पाठवतंय. शेवटची रेघ लांबवतंय... असं फक्त लंबू करायचा."

लंबू म्हणजे मामांचा जोडीदार. चौदा वर्षांपूर्वी दिवा बदलायला मनोऱ्यावर चढला, विजेचा झटका बसला आणि पडून जागीच गेला. कोणाला न सांगता चढला, चूक त्याचीच, असं कागदोपत्री ठरलं.

मी हेडफोनची एक बाजू कानाला लावली.

स्टेशनची अक्षरं. मग शांतता.

मग सावकाश, एकेक अक्षर...

स्विच कोणी लावला?

मामांनी हेडफोन भिरकावला.

पुढचे दोन रविवार, बरोबर सव्वाचारला, तेच. रिसीव्हर बंद केला तरी. बॅटरी काढून ठेवली तरी.

चौथ्या रविवारी सकाळी मामा मला घेऊन लंबूच्या बायकोकडे गेले. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. मामा उभ्याउभ्याच बोलले.

"वहिनी, तो मला सांगून चढला होता. खाली येईपर्यंत स्विच लावू नकोस म्हणाला होता. साहेबांचा फोन आला, स्टेशन बंद का म्हणून ओरडले... मी लावला. नंतर खोट्या कागदावर सहीही केली."

तिने मशीन थांबवलं नाही.

"त्या कागदापायी मला पोरांसकट क्वार्टरमधून बाहेर काढलं, भाऊजी. आता मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

आम्ही घरी परतलो. सव्वाचार वाजले. टेबलावरच्या हेडफोनमधून आवाज सुरू झाला. तोच प्रश्न.

मामांकडे पाठवायचं यंत्र नव्हतं. त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केलं.

मी लावला. माफ कर.

मामा हेडफोनवर वाकले.

मग उत्तर आलं.

माहीत आहे.

एवढंच. मामांनी डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो.

"आता ती तार काढून टाकतो," म्हणत ते गच्चीचा जिना चढायला लागले.

ते अर्ध्यावर पोहोचले असतील... हेडफोन पुन्हा वाजायला लागला.

मी अक्षरं जोडत गेले.

आता... मी...

वर गच्चीचं दार करकरलं.

...लावतो.

"मामा, हात लावू नका!" मी किंचाळले.

मी धावत जिना चढले.

गच्चीत मामा उताणे पडले होते. उजव्या तळव्यावर काळी, खोल भाजल्याची रेघ. डॉक्टर म्हणाले, विजेचा जबर झटका बसून जागीच गेले. वायरमनने दोनदा तपासलं. ती तार कशालाच जोडलेली नव्हती.

सगळे मला धीर देतात, तू काय करणार होतीस म्हणून.

पण मोर्स मला येतं. दुसऱ्या शब्दालाच माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी पूर्ण वाक्याची वाट बघत बसले.

का बसले, ते मला आजही सांगता येत नाही.