प्लेटमागची मोकळी जागा

हे खरं घडलंय. मी माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, उगाच नंतर मला शहाणपण शिकवू नये.

माझी मावसबहीण शलाका. राहायला बदलापूर, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत. गेल्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार, दुपारचे दोन.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. मशिनं गप्प, टपरी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

ऑफिसात ती एकटी. तशी ती वर्षभर एकटीच होती म्हणा. शेजारी बसणारा अनंता आदल्या वर्षीच्या होळीला झोपेतच वारला, त्यानंतर तिच्याशी धड बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. बारवी धरणाकडच्या पाड्यातला पोरगा. भाताची ओझी वाहून डावा खांदा उतरलेला. डब्यातली चटणी न विचारता हिच्या झाकणात ठेवायचा.

काम बुलेटप्रूफ जॅकेटच्या प्लेटचं. कॉम्प्युटरवर प्लेट बनवायची, तिचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, गोळी सोडायची आणि कुठला तुकडा कधी तुटतो ते बघायचं. ना धूर, ना आवाज. पण हिच्या रिपोर्टवर ती प्लेट कुणाच्या तरी छातीवर चढणार होती.

प्लेटवर नऊ ठिकाणी नऊ गोळ्या. एकेकीला वीस मिनिटं.

पहिलीचा आकडा आला. शेवटचा वेग... शून्य.

तिथली रीत अशी, की शून्य दिसलं, म्हणजे प्लेटने गोळी अडवली, पास लिहून मोकळं व्हायचं. चित्र उघडायची तसदी कुणी घेत नसे. शलाकाने उघडलं.

प्लेटला आरपार भोक होतं.

गोळी प्लेटच्या मागे... वीतभर अंतरावर... हवेत थांबली होती.

तिथे काहीच नव्हतं. तिने काही ठेवलंच नव्हतं!

सगळं पुन्हा तपासलं. दुसरी गोळी सोडली. पंख्याची घरघर चालू होती. आणि मग...

"हंह्..."

छातीत बुक्की बसल्यावर निघतो तसा श्वास. तिच्या अगदी पाठीमागून.

वळून बघते तर अनंताची रिकामी खुर्ची.

आकडा, शून्य.

प्रत्येक गोळीला तो श्वास येत होता. फक्त एका गोळीला आला नाही. डावीकडची, सगळ्यात वरची. ती थांबलीच नाही, सरळ पुढे निघून गेली.

प्लेटमागे जो उभा होता, तो डाव्या खांद्याला तेवढा उंच नव्हता.

तिने मालकांना, चिंतामणी सरांना फोन लावला.

"सर, प्लेट फुटतेय. सगळ्या आरपार जातायत."

"आकडे काय सांगतायत?"

"आठ शून्य. पण सर..."

"मग झालं ना! एक चुकीची म्हणून सोड. उद्या माल घेणारी पार्टी येतेय, खालीपिली डोकं नको लावूस. पास लिही, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

फोन कट.

तिने रिपोर्ट उघडला. हात कीबोर्डवर. मागे कुणीतरी कण्हत होतं... अगदी हळू, कुणाला त्रास नको म्हणून कण्हावं तसं.

शलाकाला रडूच फुटलं.

"अनंता, हो रे बाजूला," ती म्हणाली. "लागतंय ना तुला. मी लिहिते खरं."

तिने नापास लिहिलं. पार्टीलाही थेट पाठवून दिलं. नोकरी तिथेच गेली. ती प्लेट पुढे सरकली नाही, एवढं मात्र झालं.

मग तिने शेवटची एक गोळी सोडली.

प्लेट फुटली. गोळी मागच्या मोकळ्या जागेतून सुसाट गेली. कुठे अडली नाही. खोलीत श्वास आला नाही. ती सहा वाजेपर्यंत तशीच बसून वाट बघत राहिली.

आता ती उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, क्लासमध्ये गणित शिकवते. परवा घरी आली होती. जेवता जेवता हात थांबला तिचा.

"ताई, वर्षभर तो तिथेच होता गं. माझ्या मागे," ती म्हणाली. "आणि मीच त्याला जा म्हटलं."