काचेतली टकटक

रविवारी सकाळी टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला आणि तिच्या काळजात धस्स झालं.

टाकी माशांची. तीन फूट लांब, हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर ठेवलेली, आणि तिच्यात शंभर लिटर पाणी. खरं तर ती तिच्या धाकट्या भावाची. बदली झाली तेव्हा तो ती बहिणीच्या गळ्यात मारून गेला होता. ‘काही करावं लागत नाही गं ताई, फक्त खायला घालायचं,’ असं म्हणाला होता. भाऊ असंच म्हणतात.

पुन्हा ‘टक्’. मग लागोपाठ, ‘टक् टक्.’

आता, ती कानांची तज्ज्ञ. दवाखान्यात लोकांना हेडफोन लावून त्यांना किती ऐकू येतं ते तपासायचं, हे तिचं रोजचं काम. आवाज कुठून येतोय याबद्दल तिची चूक होणं शक्यच नव्हतं. आवाज काचेतून येत होता. म्हणजे काच तडकत होती! आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी परवाच छताला रंग दिला होता.

“आत्या, बादल्या!” ती ओरडली.

पुढच्या वीस मिनिटांत घराची रया गेली. गप्पी आणि टेट्रा हे बारके मासे कुकरमध्ये गेले. पिवळे-नारिंगी, अंगावर तीन काळे पट्टे असलेले मिशाळ लोच मासे तेवढे हाताला लागेनात. टाकीतल्या लाकडाखालून त्यांना हुसकून काढलं, तेव्हा ती कोपरापर्यंत भिजली होती. तिन्ही लोच आत्याच्या आंघोळीच्या बादलीत गेले. टाकी बनवणाऱ्याचा नंबर काचेवरच्या स्टिकरवर होता. खाली लिहिलं होतं, ‘फक्त मेसेज करा.’ तिनं मेसेज केला, सात उद्गारचिन्हं घालून.

अर्ध्या तासात काचवाला दारात हजर. तिशी ओलांडलेला, उंच, हातात सिलिकॉनची नळी, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. त्यानं टाकीचा प्रत्येक सांधा बोटानं चाचपून पाहिला.

“टाकी ठणठणीत आहे,” तो म्हणाला.

“मग आवाज कसला येत होता?”

त्यानं टाकीच्या काचेवरून एक बारकी गोगलगाय उचलली आणि बादलीत सोडली. मग बादलीला बाहेरून एक बोट टेकवलं आणि थांबला. एक लोच मिशा फेंदारत आला, शंखात तोंड खुपसलं आणि… ‘टक्!’

काचवाला हसला. “हा घ्या तुमचा चोर. लोच खूश झाला की टकटक करतो. तुम्ही नवी झाडं लावली असणार, त्यांच्याबरोबर गोगलगायी आल्या. यांची मेजवानी चालली होती.”

ती लाजेनं लालबुंद झाली. कानांची तज्ज्ञ, आणि माशाच्या जेवणाला घाबरली!

“म्हणजे,” आत्या टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, “मासे जेवतायत म्हणून मी पारोशी बसायचं?”

तो खळखळून हसला. आणि मग ती बोलायला लागली, माफी, चहा, कुकरची हकिगत… आणि तिच्या लक्षात आलं, हा माणूस हातातलं सगळं सोडून आपल्या तोंडाकडे बघतोय. अगदी एकटक. एकही शब्द सांडू नये असा. तिच्या बोलण्याकडे असं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टर मोबाइलकडे बघत बोलत, आणि भाऊ तर दुसऱ्या खोलीतून.

“एक सांगू?” तो जाताना म्हणाला. “तीनच लोच ठेवणं म्हणजे जुलूम आहे. घोळक्यात राहणारी जात ही. निदान सहा हवेत. नाहीतर बिचारे दिवसभर तोंड लपवून बसतात.”

“मग आणा की अजून तीन.”

“आणतो. पण नवे मासे आधी तीन आठवडे वेगळे ठेवायचे, आजारबिजार नाही ना बघायला. माझ्याकडे ठेवतो. आणि सहा झाले की ही टाकी पुरायची नाही. हातभर वाढतात एकेक. पाच फुटांची लागेल.” तो क्षणभर घुटमळला. “भिंत मोजायला यावं लागेल.”

तो पुढच्या रविवारी भिंत मोजायला आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. तिसऱ्या रविवारी पुन्हा टेप बाहेर निघाला, तेव्हा आत्यानं विचारलं, “काय रे बाबा, भिंत वाढतेय का?”

“खात्री केलेली बरी, आत्या,” तो गंभीरपणे म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

दर रविवारी ती लिपस्टिक लावू लागली होती. माशांचा आणि लिपस्टिकचा संबंध काय, हे आत्यानं विचारलं नाही. आत्या सुज्ञ होती. एकदा एक लोच वाळूवर आडवा पडलेला दिसला आणि तिनं मेसेज केला, ‘मेला हो!’ त्याचं उत्तर आलं, ‘झोपलाय. ते असेच झोपतात. तुम्ही पण झोपा थोडं.’ ते उत्तर तिनं दिवसभरात अकरा वेळा वाचलं. हे प्रेमच होतं, दुसरं काय? तो बघायचाच तसा!

चौथ्या रविवारी तो नव्या तिघांना पिशवीतून घेऊन आला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू टाकीतलं पाणी तिच्यात घातलं आणि एकेकाला जाळीनं सोडलं. जुन्यांनी नव्यांना हुंगलं, ढोसलं, आणि मग सहाच्या सहा लोच एकदम लाकडाभोवती फेर धरून पोहायला लागले. तो हाताची घडी घालून टाकीसमोर उकिडवा बसला. ती त्याच्या मागे उभी होती.

‘टक् टक्… टक्… टक् टक् टक्…’ नुसता कल्ला चालला होता.

“आज अगदी गप्प आहेत, नाही?” तो म्हणाला. “बावरलेत बहुतेक.”

ती जागच्या जागी थिजली.

‘टक् टक्!’

“चहा टाकू?” तिनं मागूनच हळू विचारलं. उत्तर नाही. तो शांतपणे लोच मोजत होता. तिला सगळं आठवलं. फक्त मेसेज करा. बादलीला लावलेलं बोट. आणि ते बघणं… तिच्या तोंडाकडे… ते बघणं नव्हतंच. तो ओठ वाचत होता! तिच्या दवाखान्यात रोज दहा माणसं तिच्याकडे असंच बघत असत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ज्या बघण्याला प्रेम समजून ती महिनाभर नटत होती, ती त्या माणसाची अडचण होती.

आणि मग, का कोण जाणे, त्याच्या पाठीकडे बघत ती हलकेच म्हणाली, “मला तुम्ही फार आवडता.”

स्वयंपाकघरात आत्याच्या हातून पातेलं पडलं. तो हललासुद्धा नाही.

ती समोर येऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे शब्द नको तितके धारदार निघाले. “तुम्हाला ऐकू येत नाही.”

त्याचा चेहरा उतरला. “येतं. थोडं कमी येतं. बारा वर्षं काच घासायच्या मशीनवर आहे.”

“म्हणून माझ्या तोंडाकडे बघता?”

तो खोटं बोलला असता तर किती बरं झालं असतं! पण तो म्हणाला, “हो.”

“तपासून का नाही घेतलं? मी काय काम करते, तुम्हाला माहीत होतं!”

“म्हणून तर नाही सांगितलं.” तो उठला. “माझे वडीलही काचच घासायचे. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात कळलं, तेव्हा सगळे आधी ओरडून बोलायला लागले. मग थोडक्यात. मग ‘जाऊ दे, नंतर सांगू’. शेवटची पाच वर्षं त्यांच्याशी कुणी बोललंच नाही.” त्यानं टेप खिशात टाकला. “मीसुद्धा नाही.”

दार हळूच लागलं.

एक रविवार गेला. दुसरा गेला. टाकीत सहा लोच मजेत होते, घरात दोन बायका गप्प होत्या. तिसऱ्या रविवारी आत्याला राहवलं नाही.

“कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. तू टोचलेस, बरं केलंस. पण टोचल्यावर सोनार दुकान बंद करून रडत बसतो का?”

“तो माझ्याकडे बघत नव्हताच गं आत्या. त्याला फक्त ऐकायचं होतं.”

“बरं. पण त्या दिवशी जे मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, ते ज्याच्यासाठी होतं त्याला नको का ऐकू यायला?”

तिनं मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी पाठवला तो एवढाच. ‘मंगळवारी साडेदहा, माझ्या दवाखान्यात. वीस मिनिटं लागतात. कुणीही ओरडणार नाही.’

उत्तर आलं नाही.

मंगळवारी साडेदहाला बाहेरून नंबर पुकारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. ती खुर्ची ढकलून बाहेर धावली. बाकावर कोपऱ्यात तो बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, जमिनीकडे बघत. तिनं हाक मारली नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं, आणि उठला.

आवाजबंद खोलीच्या खिडकीवर त्यानं बोट फिरवलं. “डबल काच. छान बसवलीये.”

“बसा. आवाज आला की बटण दाबायचं.”

पहिल्या पाच मिनिटांत त्यानं प्रत्येक वेळी बटण दाबलं. तिला शंका आली. तिनं मशीनला हात न लावता नुसती मान हलवली. त्यानं बटण दाबलं!

“लबाड!” ती आत शिरून म्हणाली. “माझ्याकडे बघून दाबताय. पाठ करून बसा.”

“पाठ केली की भीती वाटते,” तो म्हणाला. भीतीबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. मग त्यानं खुर्ची फिरवली.

आलेख तिनं त्याच्यासमोर ठेवला. सरळ चालत आलेली रेघ पुढे एकदम खाली कोसळली होती. ती नेहमीच्याच आवाजात, समोर बसून, एकही वाक्य न गाळता बोलली. “बारीक, टोकदार आवाज गेलेत. पाखरं, लोच, लांबून कुणी हळू बोललं तर ते. बाकीचे बरेच शाबूत आहेत. कानाच्या मशीननं सगळं परत येणार नाही, पण पुष्कळ येईल.”

त्यानं त्या कोसळलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.

“आणि तुम्ही ओरडून बोलणार नाही?”

“दवाखान्यात ओरडायला बंदी आहे.”

“आणि घरी?”

ती लाजली. “घरी आत्या ओरडते. ते मशीनशिवायही ऐकू येतं.”

नवी टाकी आली. पाच फुटांची, कडा अशा घासलेल्या की बोट फिरवत राहावंसं वाटे. दोन दिवस नुसतं पाणी भरून ठेवली, कुठे थेंब झिरपत नाही ना पाहिलं. मग रविवारी जुन्या टाकीतलं पाणी, वाळू, लाकूड, झाडं, सगळं तिच्यात गेलं, आणि शेवटी गप्पी, टेट्रा आणि सहा लोच. तो टाकीसमोर उकिडवा बसला. त्याच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी मशीनं होती. तिनं मूठभर गोगलगायी पाण्यात सोडल्या.

‘टक्!’

तो दचकला. ‘टक् टक्… टक्!’ त्याचं बोट सवयीनं काचेकडे गेलं, आणि अर्ध्यातच थांबलं.

“हे… हे असं असतं?” त्याचा आवाज भरून आला होता. “मी लहानपणी ऐकलं असेल. पण इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय, लोच टकटक करतात म्हणून… मला बोटाला लागेल तेवढंच माहीत होतं.”

ती उठली. पुन्हा त्याच्या मागे, त्याच जागी जाऊन उभी राहिली. फिल्टर घुमत होता. पहिल्या वेळी बोलणं सोपं होतं, ऐकणारं कुणी नव्हतं.

“मला तुम्ही फार आवडता,” ती म्हणाली. तेवढ्याच हलक्या आवाजात.

त्याची पाठ स्तब्ध झाली. मग तो सावकाश वळला.

“पुन्हा म्हणा.”

तिचं तोंड एवढंसं झालं. “ऐकू नाही आलं?”

“आलं. म्हणूनच म्हणतो.” तो तिच्या ओठांकडे बघत होता, तसाच, एकटक.

“आता बघायची गरज नाही तुम्हाला,” ती पुटपुटली.

“नुसती गरज पहिल्या रविवारीच होती,” तो म्हणाला. “भिंत काय मला ऐकू येत नाही म्हणून तीनदा मोजली?”

ती हसली. रडली. दोन्ही एकदमच झालं. आणि मग तिनं ते पुन्हा म्हटलं, या वेळी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. तो ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत राहिला, आणि त्यानंही तसंच, आवाज न काढता, उत्तर दिलं.

“अरे, मोठ्यानं बोला की!” स्वयंपाकघरातून आत्या ओरडली. “मला इथे काही ऐकू येत नाहीये!”